शिंदखेड्याची बोगनवेल

आमच्या घरात पाण्यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरून झाली नसतील, आणि गंमत म्हणजे पाणी आमच्याकडे भरपूर. रावेरजवळ आमचा मळा, मळ्यातच घर, घराच्या तिन्ही बाजूंनी केळी. माझे सासरे बन्सीलाल, म्हणजे आमचे नाना, जन्मभर केळीला पाणी पाजत आले. त्यांना जगातलं कुठलंही झाड दाखवा, ते आधी खाली वाकून बुडखा बघणार आणि म्हणणार, "पानी कमी पडू राह्यलं याले." कडुनिंबालाही पाणी कमी पडतं असं म्हणणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

आणि त्यांना बायको मिळाली ती शिंदखेड्याची. नाव बेबाबाई, पण घरात आणि गावात सगळे त्यांना जिजी म्हणायचे. त्यांच्या माहेरी उन्हाळा आला की टँकरची वाट बघायची. धुण्याचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं अंगणाला, अशी तिथली शिस्त. तापीच्या पाण्यावर पोसलेल्या मळ्यात चाळीस वर्षं संसार केला, तरी तांब्यात उरलेला घोट जिजींनी कधी फेकला नाही. माहेरची अहिराणी बोलीही सोडली नाही. आम्ही सगळे आमच्या पद्धतीने बोलायचो, त्या आपल्या 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं' करत राहायच्या. नाना चिडवायचे, मग त्या मुद्दाम जास्त बोलायच्या.

फाटकाजवळची बोगनवेल त्यांनी माहेराहून आणली होती. त्यांच्या वडिलांच्या विहिरीपाशी एक मोठं झुडूप होतं, त्याची फांदी. नानांनी लावायला चांगली काळी माती दाखवली. जिजींनी ती नाकारली आणि घर बांधताना उरलेले विटांचे तुकडे जिथे पडले होते तो मुरमाड कोपरा निवडला. फांदी रुजेपर्यंत थोडं थोडं पाणी घातलं आणि मग बंद केलं. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या फांदीचं माणसापेक्षा उंच झुडूप झालं होतं. चैत्र-वैशाखात, जेव्हा आमच्याकडे ऊन डोळे उघडू देत नाही आणि गुलाब-मोगरे माना टाकतात, तेव्हा ते राणी रंगाने असं भरायचं की पान दिसायचं नाही.

हे डोळ्यांनी दिसत असूनही नाना रोज सकाळी नळी ओढत फाटकाकडे निघायचे. जिजी ओट्यावरून हाक द्यायच्या, "तिले पानी नको. ती मन्ही माहेरनी शे. बठ्ठं पानी तुमनी केळले द्या."

"मरून जाईन ना ते झाड," नाना म्हणायचे.

"मी मरी गऊ का?" मी मेले का, असं.

मग नाना नळी परत गुंडाळायचे. हे रोजचं होतं. चहाइतकंच रोजचं.

आता घागरीचं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिच्यावर आहे. अक्षय तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. कोरी लाल घागर, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, आंबा, सांजोऱ्या. उन्हाळ्याचे दिवस, गेलेला जीव तहानलेला असणार, त्याला पाणी मिळावं म्हणून ती भरायची. माणूस गेल्यानंतरची पहिली आखाजी सगळ्यात महत्त्वाची. पहिली घागर भरेपर्यंत तो जीव पितरांत मिसळत नाही, तहानलेलाच फिरतो, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात.

जिजी आपल्या सासू-सासऱ्यांची घागर भरायच्या तेव्हा तिच्यावर बोगनवेलीचा घोस ठेवायच्या. ही फुलं देवाला चालत नाहीत, वास नाही, नुसता कागद. शेजारच्या दिपमालाकाकू दर वर्षी येऊन नाक मुरडायच्या, "जिजी, कागदाची फुलं काबरं ठेवतं व तू?" जिजींचं उत्तर ठरलेलं होतं. या उन्हात जे बिनपाण्याचं फुललं तेच पाण्याशेजारी शोभतं, असं त्या म्हणायच्या. आणि मला एकदा पुरण वाटता वाटता म्हणाल्या होत्या की माझ्या घागरीवरही हीच ठेव, गुलाब आणशील तर तुझ्याकडे बघायची नाही. नाना तेव्हा तिथेच बसून आंबे पिळत होते. त्यांनी ऐकलं होतं.

मागच्या वर्षी ज्येष्ठात जिजी गेल्या. दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. जळगावला डायलिसिस सुरू होतं, शेवटी दवाखान्यातच ठेवावं लागलं. तिथे त्यांना दिवसाला मोजकंच पाणी. शरीराबाहेर पाणी जातच नव्हतं, जास्त दिलं असतं तर छातीत साठलं असतं. डॉक्टरांनी आम्हाला सगळं नीट समजावलं होतं. मी आणि माझा नवरा ललित आलटून पालटून जायचो, पण नाना तिथून हलले नाहीत. एका संध्याकाळी जिजींची शुद्ध गेली आणि पहाटे त्या संपल्या. मला सासू गेल्यासारखं वाटलंच नाही, घरातली माझ्या बाजूने बोलणारी एकमेव बाई गेली असं वाटलं, आणि अजून वाटतं.

दिवसकार्य आटोपलं आणि दुसऱ्याच दिवशी नाना नळी घेऊन फाटकाशी गेले. ओट्यावरून कुणी हाक मारली नाही. नानांनी नळी झुडपाच्या बुडाशी ठेवली आणि तिथेच उभे राहिले. मी आतून बघत होते. म्हटलं, राहू दे, म्हाताऱ्याला तेवढंच समाधान.

पण आमचे नाना कुठलीही गोष्ट अर्धी करत नाहीत. पावसाळ्यात माणसं झाडांना पाणी घालत नाहीत, यांनी तेव्हाही उघडीप पडली की घातलं. पुढे बागेतून ठिबकची एक नळी काढून थेट बोगनवेलीपर्यंत आणली. मुरूम उकरून काढला, भोवती मोठं आळं केलं, त्यात तळ्यातला काळा गाळ भरला. केळीला जे खत नळीतून जायचं ते तिलाही जायला लागलं. झुडूप तरारून उठलं. पानं तळहाताएवढी, हिरवीगार, फांद्या फाटकावरून रस्त्यावर गेल्या. नाना जाणाऱ्या-येणाऱ्याला दाखवायचे.

शिवरात्र आली, फूल नाही. होळी झाली, फूल नाही.

केळीला घड बाहेर पडतो त्याला आमच्याकडे निसवणं म्हणतात. नाना रोज सकाळी फांद्या वर करून बघायचे आणि मला विचारायचे, "ज्योत्स्ना, हे काबरं निसवत नही?" मी काय सांगणार? मी एरंडोलची, माझ्या बापाचं किराणा दुकान. मी म्हटलं, नाना, जिजी पाणी घालत नव्हत्या तेव्हा फुलायची, एवढंच मला माहीत. त्यावर त्यांनी खत वाढवलं. शहाण्याला शब्दाचा मार असतो म्हणतात. आमच्या नानांना त्या बाबतीत कुणी शहाणं म्हणणार नाही.

मला राग यायचा, पण त्यांच्या डोक्यात काय चाललंय तेही दिसत होतं. आखाजी जवळ येत होती. जिजींची पहिली घागर. तिच्यावर ठेवायला त्यांच्या बोगनवेलीची फुलं हवीत, एवढी एकच गोष्ट त्या माणसाला हवी होती. केळीचे भाव पडले तेव्हा त्यांनी विचारलंही नाही. जेवताना मध्येच हात थांबायचा आणि नजर फाटकाकडे जायची.

चैत्रात जीवराममामा आले. जीवराम हे जिजींचे धाकटे भाऊ, शिंदखेड्याला शेती करतात, बाजरी आणि कापूस. ते फाटकातच थांबले. चपला काढायच्या आधी वाकून त्यांनी आळ्यात बोट खुपसलं. बोट पेरापर्यंत चिखलात गेलं.

"नाना, हाई काय करी ठेवं?" ते म्हणाले. "हाई झाड शे का भात शे?"

नाना गोरेमोरे झाले. म्हणाले, फुलत नाही, म्हणून पाणी वाढवलं.

मामांनी बोट पुसलं. माणूस मोठा शांत, बहिणीसारखा फटकळ नाही. त्यांनी नानांना ओट्यावर बसवून समजावलं. या झाडाला पाणी मिळालं की ते पानं काढत बसतं, त्याला कसली घाई नसते. पाणी तुटलं की त्याला वाटतं आता आपलं काही खरं नाही, आणि मग ते फुलतं. "तिले तीस लागू द्या," ते म्हणाले. "मंग येतीन फुले." तीस म्हणजे तहान. तो शब्द ऐकून नानांनी मान खाली घातली. मला वाटलं, चूक कळली म्हणून.

त्याच दिवशी ललितने ठिबकची नळी काढली. मामांनी आळं फोडलं, गाळ बाजूला ओढला. नाना बघत राहिले. मामा जाताना मला म्हणाले की आठवडाभर पाणी दाखवू नको, फार तर पंधरा दिवस, आखाजीपर्यंत रंग येईल. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या आणि लोणचं द्यायचं विसरले.

पण झुडपाने मान टाकली. दुपारच्या उन्हात सगळी पानं लोंबायची. जिजींच्या वेळी असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, वर्षभराची सवय मोडायची म्हणजे एवढं होणारच. आणि दोन-तीन दिवसांनी बुडाशी हात लावला तर माती पुन्हा ओली.

मी पाळतच ठेवली. दुपारी जेवणं झाली, ललित आडवा झाला, मी खिडकीपाशी बसले. नाना आपल्या खोलीतून पिण्याच्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले, डोक्यावर टॉवेल टाकला आणि त्या उन्हात, अनवाणी, फाटकाकडे गेले. मी मागोमाग गेले.

"नाना, मामांनी काय सांगितलं होतं?"

"घोटभरच देल्लं," नाना म्हणाले.

"घोटभर घोटभर करून चिखल केलाय तुम्ही. तुम्हाला फुलं हवीत की नको?"

"पाह्यजेत."

"मग राहू द्या ना तिला तहानलेली. मरत नाही ती. जिजींनी इतकी वर्षं ठेवली तशीच, काही झालं का?"

नाना फाटकाच्या कट्ट्यावर बसले. कट्टा तापलेला होता, चटका बसला असणार, पण ते उठले नाहीत. तांब्या दोन्ही हातांत धरून म्हणाले, "मले नही राह्यवत, बाई."

मग त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, मध्ये मध्ये थांबत.

"दवाखान्यात, त्या दुपारी. तू डबा आनाले गेली व्हती, ललित औषधं आनाले. तिनं पानी मागतलं. तिचं त्या दिवसाचं पानी सकायीच संपेल व्हतं. मी म्हनलो, संध्याकायी देईन. ती म्हने, जराखं द्या. टेबलावर माहा गिलास भरेल व्हता. मी तो उचलला अन् खिडकीत पडद्याच्या मांगं ठुला, तिले दिसू नये म्हनून. तिनं पाह्यलं ते. मंग म्हने, 'तुम्ही केळले देतस, माले नही.' जराशी हासली. मंग तोंड तिकडे केलं."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"संध्याकायी मी गिलास घेऊन बसलो," नाना म्हणाले, "तर ती शुद्धीवर नव्हती."

मला काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी तेच बोलले जे कुणीही बोललं असतं. नाना, डॉक्टरांनी सांगितलं होतं. पाणी दिलं असतं तर श्वास कोंडला असता, जास्त हाल झाले असते. तुम्ही बरोबर केलंत.

"माहीत आहे मले," नाना म्हणाले. "डॉक्टर बरोबर व्हता. पन तिले तहान लागेल व्हती ना."

वर्षभर या माणसाला हेकट, अडाणी, काय काय मनात म्हणून घेतलं होतं मी. आता त्याच्याकडे बघवत नव्हतं. नानांनी तांब्यातलं उरलेलं पाणी लोंबणाऱ्या पानांखाली ओतलं, अगदी हळू, आणि मी त्यांना अडवलं नाही. फुलं नाही आली तर नाही आली. घागरीवर काहीही ठेवता येईल.

त्या दिवसानंतर मी पाळत ठेवणं सोडलं. ललितला म्हटलं, तूही काही बोलू नकोस. तो बापाचाच मुलगा, त्याने विचारलंही नाही का म्हणून.

पानं पिवळी पडायला लागली. आधी खालची, मग सगळी. नानांना वाटलं, तहान वाढली. ते तांब्याऐवजी बादली नेऊ लागले. मलाही वाटत होतं की ऊन फार आहे, आखाजी झाली की सावरेल. आखाजीला चार दिवस राहिले तेव्हा फाटकातून ट्रॅक्टर आत घेताना ट्रॉलीचा कोपरा झुडपाला लागला आणि ते झुडूप, माणसापेक्षा उंच, आडवं झालं. ललितने उतरून धरलं तर हातात आलं. मुळं काळी, मऊ, नखाने सोललं तर साल सुटत होती. वास येत होता, नालीसारखा.

ललितने मुळाशी नाक नेलं आणि मागे घेतलं. म्हणाला, कधीच सडलेली होती ही, मामा आले त्याच्याही आधीपासून. मुळं सडली की झाडाला पाणी ओढता येत नाही, मग ते चिखलात उभं असतानाही तहानेने मान टाकतं. बघणाऱ्याला वाटतं, पाणी हवं. हे तो मला सांगत होता, हळू आवाजात. पण नाना मागे येऊन उभे होते.

नाना खाली बसले. त्यांनी ती काळी मुळं हातात घेतली, दाबून बघितली, तशीच ठेवली. हाताचा चिखल धोतराला पुसला.

"तिले नही देल्लं," ते म्हणाले, "अन् याले देल्लं. दोन्ही बखत चुकलं."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, पण पाणी पिताना मध्येच थांबून ग्लासाकडे बघत बसले. मी आत जाऊन रडून घेतलं. आणि मग मामींना फोन लावला. मामी म्हणजे जीवराममामांची बायको, पुष्पाबाई. झाड गेल्याचं सांगितलं आणि म्हटलं, येताना त्या विहिरीपाशच्या झुडपाची फुलं आणा. एवढंच. बाकीचं फोनवर बोलण्यासारखं नव्हतं.

आखाजीला आमच्याकडे सासरी गेलेल्या मुली माहेरी जातात. भाऊ बहिणीला न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. जीवराममामा दर वर्षी मुराळी होऊन यायचे. सकाळी जिजी घागर भरायच्या, दुपारी पिशवी घेऊन भावाबरोबर निघायच्या, फाटकातून मागे वळून नानांना म्हणायच्या की मी नाही तोवर तिला पाणी घालाल तर बघा. या वर्षी मामा आणि मामी आदल्या दिवशीच संध्याकाळच्या गाडीने आले. मामांनी फाटकाजवळचा रिकामा खड्डा बघितला आणि मामींच्या पुढे चालत आत आले. ओट्यावर बसल्यावर म्हणाले, "कोणाले लेवाले वनू मी?" कुणाला न्यायला आलोय मी, असं. मग हा शांत माणूस टॉवेल तोंडावर धरून रडला.

मामींनी वर्तमानपत्रात गुंडाळून फुलं आणली होती. दिवसभर बसमध्ये, रेल्वेत, एवढ्या उन्हात आणली तरी एक पाकळी मलूल नव्हती. नानांनी कागद उघडला, बघितलं आणि परत नीट गुंडाळून ठेवलं.

सकाळी स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं, मामी कुरडया तळत होत्या. तेव्हा मी त्यांना दवाखान्यातलं सगळं सांगितलं. पडद्यामागचा ग्लास, जिजी काय म्हणाल्या ते, तांब्या, बादली, सगळं. कढईतली कुरडई जळली तेव्हा मामींनी गॅस बंद केला.

"पितर कोण बसनार शे?" त्यांनी विचारलं.

घागर भरली की गेलेल्याच्या नावाने एका माणसाला जेवू घालतात, त्याला पितर बसवणं म्हणतात. त्याने खाल्लं ते गेलेल्याला पोचतं. जिजी सवाष्ण गेल्या, म्हणून सवाष्णच बसवायची होती. आम्ही दिपमालाकाकूंना सांगून ठेवलं होतं.

"मी बससू," मामी म्हणाल्या.

दिपमालाकाकूंना ते काही रुचलं नाही. माहेरची माणसं पितर बसत नाहीत, तशी रीतच नाही, वगैरे त्या बोलल्या. नाना नुसतं म्हणाले, "बसू द्या तिले." काकू गेल्या मात्र नाहीत. भिंतीला टेकून बसल्या.

घागर भरली. वर मडकं, डांगर, आंबा, सांजोऱ्या आणि बोगनवेलीचा घोस. चुलीतल्या निखाऱ्यांवर घास टाकून पितरांना आगारी दिली, धूर झाला. मामी पाटावर बसल्या, डोक्यावरून पदर घेतला. ताट वाढलं, पुरणपोळी, आमरस, रशी, भजी. सगळे हात जोडून उभे राहिलो. रिवाज असा की पितराने पहिला घास घेतला की मग घरच्यांनी बसायचं.

मामींनी ताटाला हात लावला नाही. त्यांनी नानांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माले तीस लागनी."

नानांचं तोंड एकदम उतरलं. त्यांनी तांब्या उचलला, फुलपात्रात पाणी ओतलं आणि मामींच्या हातात दिलं. मामी ते पूर्ण प्यायल्या. त्यांनी रिकामं फुलपात्र पुढे धरलं.

"आखो द्या."

नानांनी पुन्हा ओतलं. मामी प्यायल्या. पुन्हा पुढे धरलं. "आखो." ललितला काही कळेना, तो माझ्याकडे बघायला लागला. मामा जमिनीकडे बघत होते. मामी पीत होत्या आणि नाना ओतत होते. दोघांपैकी कुणीच घाई करत नव्हतं. तांब्या संपला. मी आतून भरून आणायला वळले, तेवढ्यात नानांनी घागरीवरचं मडकं, डांगर, सगळं उतरवून बाजूला ठेवलं आणि तांब्या घागरीतच बुडवला.

"अहो नाना, घागर हलवत नसतात," दिपमालाकाकू म्हणाल्या.

नानांनी ऐकलं नाही. कोऱ्या घागरीतलं पाणी त्यांनी मामींच्या फुलपात्रात ओतलं. मामी तेही प्यायल्या. आणखी मागितलं, आणखी प्यायल्या. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, गळा दुखत असावा, कारण शेवटी शेवटी त्या एकेका घोटाला थांबत होत्या. नाना वाकून उभे होते, डोळ्यांतून पाणी खाली गळत होतं. पुसायला त्यांचे हात मोकळे नव्हते.

मग मामींनी फुलपात्र ताटाशेजारी उपडं ठेवलं.

"बस," त्या म्हणाल्या. "आते तीस भागनी."

नाना खाली बसले, तिथेच, घागरीजवळ. तांब्या मांडीवर. मामांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मामींनी पुरणपोळीचा घास तोडून तोंडात घातला तेव्हा दिपमालाकाकूंनीही पदराने डोळे टिपले. आम्ही सगळे जेवायला बसलो. नानांनी दोन पोळ्या खाल्ल्या, आणि पाणी मागून घेतलं. मी दिलं. ते एका दमात प्यायले.

जेवणं झाल्यावर मामी मला मागच्या दारी दिसल्या. केळीच्या पहिल्या ओळीपाशी, गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या होत्या आणि पोटातलं सगळं पाणी उलटून पडत होतं. मी धावत जाऊन त्यांची पाठ धरली. अंग गार पडलं होतं.

"नानासले सांगू नको," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा वाकल्या.